बॉनेटखालचं अस्तर



आज दांडिया बाजार नाही, सुरसागर नाही, लहानपणचे गणपतीही नाहीत. आज ट्रॅक्टर. तोही डभोई-करजणच्या शेतातला नव्हे, अमेरिकेतल्या घराच्या अंगणातला. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. शेवटी विषय आपल्या बडोद्याच्या सोसायट्यांपर्यंत येतो, तेव्हा मधेच सोडू नका एवढीच विनंती.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वाद घालायचाय त्यांनी खुशाल घालावा. जुन्या यंत्राच्या बॉनेटला आतून जे अस्तर असतं ते झडून गेलं असेल तर परत लावलं पाहिजे. रंग नंतर. स्टिकर त्याहून नंतर. आणि लावायचं तर योग्य मालाचं लावायचं. गादीचा फोम चिकटवणार असाल तर त्यापेक्षा उघडा पत्रा बरा.

आता मी, बँकेतून निवृत्त झालेला कॉमर्सचा माणूस, या भानगडीत कुठे पडलो ते सांगतो. धाकटा मुलगा इलिनॉय राज्यात असतो. गावाबाहेर दीड एकराची जागा आणि त्यात घर. घर घेतलं तेव्हा मागच्या शेडमध्ये आधीच्या मालकाचा एक जुना गार्डन ट्रॅक्टर होता, तो घराबरोबरच आला. आपल्याकडे हा प्रकार नाही. आपल्या ट्रॅक्टरचं शेंडेफळ समजा. बसायला एक सीट, पोटाखाली गवत कापायची पाती, हिवाळ्यात पुढे बर्फ ढकलायला फावड्यासारखा पत्रा. पिवळा-पांढरा रंग. मी बॉनेटवरचं नाव वाचलं आणि दोन मिनिटं तिथेच उभा राहिलो. 'इंटरनॅशनल'. खाली 'कब कॅडेट १४५०'.

माझ्या वयाच्या, ग्रामीण शाखांत काम केलेल्या मंडळींना हे नाव सांगायला नको. एम. एस. युनिव्हर्सिटीतून १९७२ साली बी.कॉम. झालो, पुढच्या वर्षी बँकेत लागलो. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा खेड्यांत जात होत्या आणि शेतकी कर्ज हा नवा धर्म झाला होता. ट्रॅक्टरच्या कर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून शेकड्यांनी गेल्या. एक आपला घरचा, विश्वामित्रीच्या कारखान्यातला हिंदुस्तान, आणि दुसरा लाल रंगाचा इंटरनॅशनल बी-२७५. हा कांदिवलीला बनायचा. अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर, आपली महिंद्र आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ मध्ये कंपनी काढली होती, १९६५ पासून ट्रॅक्टर बाहेर पडायला लागले. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली, पण शेतकरी नंतरही कितीतरी वर्षं 'इंटरनॅशनल'च म्हणायचे. अर्जावरसुद्धा तेच लिहायचे आणि मग आम्हाला दुरुस्ती करून सही घ्यावी लागायची.

तर त्याच इंटरनॅशनलचं हे अमेरिकेतलं धाकटं भावंडं. कब कॅडेट त्यांनी १९६० च्या सुमारास केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या कारखान्यात काढायला सुरुवात केली. १९७४ पासून जी मालिका आली तिचं नावच 'क्वाएट लाइन', म्हणजे शांत मालिका. आधीच्या मॉडेलांत एक सिलिंडरचं इंजिन चासीवर थेट बसवलेलं असायचं. माणूस जवळजवळ त्याच्यावरच बसलेला, पाय, कंबर, कान, सगळंच हादरायचं. क्वाएट लाइनमध्ये इंजिन रबरी माउंटिंगवर ठेवलं, दोन्ही बाजूंना पत्र्याचे पडदे दिले, सायलेन्सर आत झाकून टाकला. १९७९ पर्यंत ही मालिका चालली. १९८१ मध्ये कंपनीने हा सगळा धंदाच दुसऱ्याला विकला.

मुलाच्या शेडमधला हा ट्रॅक्टर मात्र शांत नव्हता. बॉनेट उघडून बघितलं तर आत वाळलेल्या गोंदाचे तपकिरी पट्टे आणि कोपऱ्यात म्हाताऱ्याच्या छातीवरच्या केसांसारखे चार-दोन पांढरे धागे. बाकी नागडा पत्रा. अस्तर कुठे गेलं? थोडं उंदरांनी नेलं, त्यांना घरट्याला असला माल फार आवडतो. थोडं तेल पिऊन कुजलं. उरलेलं आधीच्या मालकाने ओरबाडून काढलं असावं.

(ते लोक बॉनेटला 'हूड' म्हणतात आणि आतल्या थराला 'इन्सुलेशन'. अस्तर हा शब्द आमच्या सौ.चा. तिने बघितलं आणि म्हणाली, "अहो, याचं अस्तर गेलंय." मला तो शब्द एकदम पटला.)

आता मतं ऐका.

मुलगा म्हणाला, "बाबा, पन्नास वर्षांचं यंत्र आहे. चालू होतं, गवत कापतं. अस्तर नाही म्हणून काय अडलंय? आवाज होत असेल तर वीस-पंचवीस डॉलरचे इअरमफ मिळतात, ते लावा."

शेजारी एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम केलेले. त्यांच्याकडे याच मालिकेचे दोन ट्रॅक्टर. त्यांचं मत : कंपनीचं ओरिजिनल मिळालं तरच लावायचं, नाहीतर हात लावायचा नाही. ओरिजिनलची वाट बघताना त्यांच्या दोन्ही बॉनेटांच्या आत किती वर्षं नुसता पत्रा आहे हे मी सौजन्याने विचारलं नाही.

तिसरं मत रविवारी जेवायला आलेल्या एका गुजराती स्नेह्याचं. "जूनी गादीनो फोम कापीने चोंटाडी दो ने, अंकल. चालशे!"

चालशे! बडोद्यात सत्तर वर्षं काढलेल्या माणसाला या शब्दाची ताकद सांगायला नको. मराठीत आपण 'चालतंय की' म्हणतो, पण त्यात थोडी शरम असते. 'चालशे' म्हटलं की विषय संपला.

मला या तिघांचंही पटलं नाही. का ते सांगतो.

अस्तर दोन-तीन कामं एकदम करतं. पहिलं आवाजाचं. बॉनेट म्हणजे पातळ पत्र्याचं मोठं ताट. खाली इंजिन धडधडलं की ते ढोलासारखं वाजतं. आतून जड थर चिकटला की पत्र्याची थरथर मरते. पितळेच्या ताटाला हात लावला की त्याचा नाद थांबतो, तसंच. दुसरा प्रकार मऊ, छिद्राछिद्रांच्या मालाचा. तो पत्र्याची थरथर फारशी थांबवत नाही, पण हवेतून आलेला आवाज पिऊन टाकतो. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुकानातले लोकसुद्धा त्यांची गल्लत करतात. नुसते जड रबरी तुकडे चिकटवले तर पत्रा गप्प बसतो, इंजिनाचा आवाज बराचसा तसाच राहतो.

दुसरं काम उष्णतेचं. एअर-कूल्ड इंजिन आणि झाकलेला सायलेन्सर, दोन्ही बॉनेटखाली. उघडा पत्रा तापतो, वरचा रंग करपून उडतो, स्टिकर सुरकुततात. मग लोक पुन्हा रंग देतात आणि दोन उन्हाळ्यांत तो परत जातो. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराला पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली लाकडी तक्तपोशी होती. एका पावसाळ्यात गळायला लागली म्हणून फळ्या काढल्या. पुढच्या मे महिन्यात माडीवर दुपारी माणूस बसेना. पत्रा तोच, ऊन तेच, मधली फळी आणि तिच्यावरची कोंडलेली हवा तेवढी गेली होती. बॉनेटखाली याहून वेगळं काही घडत नाही.

आता मालाविषयी. इथेच खरा धोका आहे. गादीचा फोम स्पंजासारखा पेट्रोल आणि तेल पितो आणि पेटला तर विझवायला वेळ देत नाही. थर्मोकोल तर सायलेन्सरच्या जवळ वितळूनच जातो. गोणपाट, गालिच्याचे तुकडे, जुनी सतरंजी हे सगळे चालशे-संप्रदायाचे प्रकार, सगळे तेल पिणारे. लोकरीचा नमदा त्यातल्या त्यात सहज पेटत नाही, पण तेल तोही पितो. घ्यायचं ते आगीला दाद न देणारं : अ‍ॅल्युमिनियमची पन्नी लावलेली ग्लासवूलची पातळ चादर, किंवा मेलामाइनचा फोम, त्यालाही वरून पन्नी. पन्नीची चमकती बाजू इंजिनाकडे. आणि पन्नी व सायलेन्सर यांच्यात हवेला जागा ठेवायची. चिकटून बसली तर चमकेचा उपयोग नाही, उष्णता सरळ आत शिरते. कापलेल्या कडा सगळ्या पन्नीच्या चिकटपट्टीने बंद करायच्या, नाहीतर तेल कडेनेच आत जातं.

पन्नीबद्दल एक सूचना. ती विजेची वाहक आहे. ज्या यंत्रात बॅटरी बॉनेटखालीच असते तिथे बॅटरीच्या टोकांवर रबरी टोपी पाहिजे आणि पन्नी तिथून लांब. बॉनेट आपटून बंद केलं आणि पन्नी टोकाला टेकली, तर काय होईल ते सांगायला इलेक्ट्रिशियन नको.

आणखी एक. या इंजिनांना थंड ठेवणारी हवा फ्लायव्हीलवरच्या जाळीतून ओढली जाते. अस्तराचा एखादा कोपरा सुटला आणि जाळीला जाऊन चिकटला, तर हवा बंद आणि इंजिन तापून बाद. म्हणून अर्धवट लोंबणारं जुनं अस्तर हे अस्तर नसण्यापेक्षा वाईट. एक तर नीट लावा, नाहीतर पूर्ण काढा. अस्तराची जाडीही बेताची ठेवायची. बॉनेट बंद केल्यावर आत हवा खेळली पाहिजे.

शेजारच्या आजोबांशी ओरिजिनलवरून माझं जमलं नाही, पण त्यांनी एक गोष्ट सांगितली ती लाख मोलाची. मी पुट्टीची पात घेऊन जुना गोंद खरवडायला बसलो होतो, सुरुवात करणार तोच ते कुंपणापाशी आले आणि हात वर करून थांबवलं. म्हणाले, त्या काळात असल्या थरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. डोळ्यांनी ओळखता येत नाही. कोरडं खरवडायचं नाही, तारेचा ब्रश लावायचा नाही, हवेने उडवायचं नाही. पाणी मारून, मास्क लावून एक तुकडा काढायचा, पिशवीत बंद करायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा. पाठवला. आठवड्याने उत्तर आलं, नव्हता. तेव्हा कुठे कामाला हात घातला. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ छातीत गेली तर आजार वीस-तीस वर्षांनीही वर येतो. माझं काय, मी सत्तरीतला. पण शेडमध्ये सात वर्षांची नात येऊन-जाऊन असते.

त्यानंतरचं काम मात्र मजेचं होतं. आधी बाकीचं बघितलं : पडद्यांचे नटबोल्ट ढिले होते ते आवळले, सायलेन्सरच्या सांध्यातून धूर गळत होता तिथलं गॅस्केट बदललं. इंजिनाखालची रबरी माउंटिंग या मालिकेत वयाबरोबर हमखास दबतात, तीही तपासली. हे न करता अस्तर लावणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर डिस्टेंपर. मग गोंद थिनरने पुसून पत्रा स्वच्छ केला. बेतायचं काम सौ.ने हातात घेतलं. वर्तमानपत्र आतून दाबून घड्या उमटवल्या, त्या रेषेवर कापलं, परत आत बसवून बघितलं, मग खाकी कागदावर पक्कं बेतलं. मी एकदम चादरच कापायला निघालो होतो, तर म्हणाली, "ब्लाउजचं अस्तर आम्ही आधी भिजवून वाळवून घेतो, मग कापतो. नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड चुरगळतं. तुमचं हे उन्हात काय करतं ते आधी बघा." चादरीचा तुकडा दोन दिवस उन्हात ठेवला. आटला नाही, पण गुंडाळी सुटून सपाट झाला आणि लावायला सोपा गेला.

गोंद साधा चालत नाही. उष्णता सोसणारा स्प्रे घ्यायचा, दोन्ही बाजूंना मारायचा, बोटाला चिकटेल पण ओलं लागणार नाही इतका वाळू द्यायचा आणि मग एका कडेपासून दाबत जायचं. एकदा चिकटलं की सरकवता येत नाही. शिवाय नुसत्या गोंदावर विसंबायचं नाही. बॉनेटला आधीपासून जी भोकं होती त्यांत रुंद टोपीच्या खुंट्या दिल्या. तीन दुपारी गेल्या आणि साठ-सत्तर डॉलर.

आता मुख्य मुद्दा, हिशेबाचा. सुरुवातीलाच मी मोबाइलवर आवाजाचं माप घेतलं होतं. गवत कापताना, चालवणाऱ्याच्या कानापाशी ९४ डेसिबल. काम झाल्यावर त्याच जागी, त्याच वेगाला ९१. मोबाइलचं माप म्हणजे काही प्रमाणपत्र नव्हे. आणि त्या तीनमधला अस्तराचा वाटा किती व नटबोल्ट-गॅस्केटचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. मुलगा हसला. "तीनच? एवढ्यासाठी तीन दिवस?"

डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो, तो चक्रवाढीच्या जातीचा आहे. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. तिचा दंडक असा : ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, कानाला मात्र फरक जेमतेम जाणवतो. म्हणूनच माणूस फसतो. मुलाला दीड एकर कापायला सव्वा तास लागतो. ९४ वर तो दर वेळी पंधरा मिनिटं ओव्हरड्राफ्टमध्ये होता. ९१ वर त्याच्या खात्यात पाऊण तास शिल्लक आहे. बँकवाल्याला याहून सोपी भाषा येत नाही.

इअरमफ लावायचेच. त्याबद्दल दुमत नाही, मी स्वतः लावतो. पण मफ फक्त लावणाऱ्याचे कान वाचवतात. कुंपणापलीकडे व्हरांड्यात बसलेल्या आजोबांच्या बायकोला कोण मफ लावणार? ट्रॅक्टरमागे धावणाऱ्या नातीला? आणि मफ बॉनेटचा रंग वाचवत नाही. त्यामुळे 'मफ आहेत, मग अस्तर कशाला' हा युक्तिवाद मला छत्री आहे म्हणून छप्पर नको म्हणण्यासारखा वाटतो.

ओरिजिनलवाल्यांनाही एक शब्द. प्रदर्शनात ठेवायचं यंत्र असेल, तर त्यांचं बरोबर. २०२३ च्या जानेवारीत आपल्याकडे लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, आपल्यापैकी अनेकांनी बघितलं असेल. तिथे एकेका स्क्रूचाही जन्मदाखला लागतो, आणि लागावा. पण दर शनिवारी गवत कापणारा ट्रॅक्टर ही वापरातली वस्तू. ओरिजिनल मिळेपर्यंत ती उघडी ठेवायची, म्हणजे दिवाळीला शालू घ्यायचा म्हणून तोपर्यंत नेसायचंच नाही.

माझा या विषयात एवढा जीव का, असं सौ.ने विचारलं होतं. त्याचं कारण अमेरिकेत नाही, डभोईकडच्या एका गावात आहे.

आम्ही तारण तपासणीला जायचो तेव्हा छापील फॉर्म असायचा. चासी नंबर, इंजिन नंबर, टायरची अवस्था, विमा, ट्रॅक्टरवर बँकेचं नाव रंगवलंय की नाही. सगळं बँकेच्या पैशाच्या सुरक्षिततेचं. सायलेन्सर फुटलाय का, असा रकाना नव्हता. चालवणाऱ्याच्या कानांचा तर नव्हताच. त्या वेळच्या शेतीच्या ट्रॅक्टरांना इंजिनाच्या बाजूला पडदे नसत, अस्तर नसे, केबिन नसे. उभा सायलेन्सर डोळ्यांसमोर, आणि तो फुटला तर पुढच्या पिकापर्यंत तसाच.

त्या गावात आमचा एक कर्जदार होता. पाटीदार, हप्ता एकदाही चुकवला नाही. स्वतःच्या शेतात आणि भाड्याने दुसऱ्यांच्या शेतात मिळून हंगामात दहा-दहा, बारा-बारा तास ट्रॅक्टरवर. शाखेत आला की इतका मोठ्याने बोलायचा की मंडळी त्याला 'भोंगा' म्हणायची. काउंटरवरून नाव पुकारलं तरी येत नसे, मग कॅशियर चिडायचा. पुढे एकदा कर्ज फिटल्याचा दाखला घ्यायला तो मुलाला घेऊन आला. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती त्याची. मी मॅनेजर म्हणून अभिनंदन केलं, तो नुसता हसत राहिला. मुलगा म्हणाला, "साहेब, बापुजीने संभळातुं नथी. डाबी बाजुथी तो बिलकुल नहीं." डाव्या बाजूने तर अजिबातच ऐकू येत नव्हतं. कागदोपत्री ते आमच्या शाखेचं उत्कृष्ट कर्ज होतं. ट्रॅक्टर फिटला, बोजा उतरला, फाईल बंद.

म्हणून 'चालतंय ना' हे मला पुरत नाही. ट्रॅक्टर त्याचाही चालतच होता.

आता बडोद्याकडे येतो. आमच्या सोसायटीत साडेबासष्ट केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे, २००९ मध्ये बसवलेला. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी. तुमच्याकडेही असेल. त्याच्यावर पत्र्याची कॅनॉपी असते आणि तिच्या आतून जाळीदार पत्र्यामागे फोमचं अस्तर. ते शोभेचं नाही. १ जानेवारी २००५ पासून बनलेल्या, १००० केव्हीएपर्यंतच्या जनरेटरला कॅनॉपीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलची सरकारी मर्यादा आहे, आणि ती मुख्यतः या अस्तरावर पाळली जाते. यंदा अमेरिकेहून परतल्यावर मी आमच्या कॅनॉपीचं दार उघडून बघितलं. फोमला बोट लावलं तर भुगा. खालच्या अर्ध्या भागात फोमच नाही. तो भुगा रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसलाय, म्हणजे आवाज वाढला तो वाढला, इंजिनही तापणार.

सेक्रेटरींना दाखवलं. माणूस चांगला आहे, कामाचा आहे. म्हणाले, "वरसमां केटली वार लाइट जाय छे, साहेब? चालशे." खरं आहे त्यांचं, बडोद्यात वीज फार जात नाही. पण जाते तेव्हा उन्हाळ्यात भर दुपारी किंवा वादळात रात्री जाते. आणि कॅनॉपीपासून दहा फुटांवर तळमजल्यावरच्या आजींच्या झोपायच्या खोलीची खिडकी आहे. त्यांचं बायपास झालंय. शिवाय महिन्यातून एकदा चाचणीसाठी जनरेटर अर्धा तास चालवतात, तेव्हा त्या खिडकी लावून घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसतात. सेक्रेटरींना हे माहीत नव्हतं. आजींनी तक्रार कधी केली नाही, "किती दिवसांचं ते," म्हणाल्या.

याच वर्षी इमारतीला बाहेरून रंग द्यायचा ठराव मंजूर झालाय. मोठी रक्कम आहे. तिच्यापुढे अस्तराचा खर्च किरकोळ. मी खजिनदार म्हणून विषयपत्रिकेवर मुद्दा घातलाय : रंगाच्या आधी कॅनॉपीचं अस्तर, आगीला दाद न देणारं, आणि काम झाल्यावर एक मीटरवर माप घेऊन त्याची नोंद. दोन सभासदांचा विरोध आत्ताच कळलाय. एकजण म्हणतात, रंगातून काही उरलं तर बघू.

सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या सोसायटीत कॅनॉपीचं अस्तर बदललं असेल तर कृपया कळवा. माल कुठला, जाडी किती, काम किती दिवस चाललं, बिल किती झालं. बिलाचा फोटो टाकलात तर फार बरं होईल, सभेत दाखवता येईल. आणि कुणाच्या गावाकडे जुना बी-२७५ अजून चालू असेल, तर त्याचाही फोटो टाका. लाल रंग उडाला असला तरी चालेल.